दाणा आला, चुना मागे राहिला

जयपूरच्या परकोट्याबाहेर, पश्चिमेला, रेल्वे स्टेशन आणि सिंधी कॅम्पच्या बस स्टँडजवळ बनी पार्क ही कोठ्या-हवेल्यांची जुनी वस्ती आहे. ठाकूर-जहागीरदारांची शहरातली घरं इथे होती. गेल्या काही दशकांत त्यांतल्या बऱ्याच घरांची हेरिटेज हॉटेलं झाली आणि दिवाणखान्यांची भोजनालयं. अशा हॉटेलांचं मेन्यूकार्ड उघडलं की पहिला रकाना ठरलेला: सूप. क्रीम ऑफ टोमॅटो, स्वीट कॉर्न, मंचाव, हॉट अँड सार. पाहुणा फ्रान्सचा असो की नाशिकचा, जेवण इथूनच सुरू व्हायचं. राब कुठे आहे म्हणून शोधायला गेलं, तर ती पुढे 'राजस्थानी' पानावर बाजरीच्या रोटीशेजारी सापडते. पुष्कळदा तिथेही नसते.

राब पातळ असते, वाडग्यातून पितात, थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार. तिच्यात धान्य आहे, ताक आहे, मीठ-जिरं आहे. मग तिला पहिल्या रकान्यात जागा का मिळू नये? कारण तो रकाना इथल्या स्वयंपाकघराने आखलेलाच नाही. तो कुणी आखला आणि त्यापायी काय काय नजरेआड झालं, हे बघायचं तर आधी मेक्सिकोला जायला हवं. आपल्या ताटातली मिरची, मका आणि टोमॅटो तिथून आले, आणि पातळ पदार्थांना त्यांच्या त्यांच्या जागा नेमून देणारी परंपरा तिथे अजून जिवंत आहे.

मेक्सिकोत दुपारचं जेवण हेच मोठं जेवण. साध्या खानावळीत ठरावीक दरात मिळणारं जेवण, म्हणजे आपली राइस प्लेट, तिथे 'कोमिदा कोरिदा' म्हणून ओळखलं जातं. त्यात आधी येतं 'सोपा आग्वादा', म्हणजे पातळ सूप: टोमॅटोच्या रस्स्यात शिजवलेल्या बारीक शेवया, नाहीतर भाज्यांचं पाणी. त्यामागून 'सोपा सेका', म्हणजे कोरडं सूप. त्यात एक थेंब पाणी दिसत नाही. तो बहुधा तांबडा भात असतो, नाहीतर रस्सा पूर्ण आटेपर्यंत शिजवलेल्या शेवया. दाण्याने रस्सा पिऊन टाकला, म्हणून तोही सूपच्याच घरचा. मग मांसाची किंवा भाजीची मुख्य वाटी, मग घेवड्याची उसळ. आपल्या पंगतीतल्या मसालेभाताला कुणी सूप म्हटलं तर आपण हसू. मेक्सिकन गृहिणीच्या हिशेबात ते सरळ आहे. तिची वर्गवारी पदार्थ कसा शिजला आणि पानात कितव्या क्रमांकावर आला यावर चालते.

'काल्दो' हा वेगळा गट. कोंबडीचे, गाईच्या नळीचे, कोळंबीचे हे नितळ रस्से. त्यांत कणसाचे तुकडे, बटाटा, गाजर तसंच अख्खं. मेक्सिको शहरातल्या त्लाल्पान भागाचं नाव लावणाऱ्या काल्द्यात काबुली चणे आणि धुरावलेली चिपोत्ले मिरची पडते. युकातानमध्ये कोंबडीच्या रस्स्यावर तिथल्या खास सुगंधी लिंबाचा वास चढवतात. ओआहाका राज्यातल्या सान फेलिपे उसिला गावचा 'दगडाचा काल्दो' तर चूल मागतच नाही. भोपळ्याच्या वाडग्यात कच्चा मासा, टोमॅटो, कोथिंबीर आणि पाणी घालतात आणि विस्तवात तापवलेला नदीतला गोटा आत सोडतात. पाणी क्षणात उकळतं. तो रांधतात पुरुष आणि वाढतात बायकांना व म्हाताऱ्यांना. कोण रांधतो आणि कुणासाठी, हाही तिथे पदार्थाच्या ओळखीचाच भाग.

'क्रेमा' म्हणजे दुधा-सायीची घट्ट सुपं, कणसाची किंवा भोपळ्याच्या फुलांची. यांच्यावर फ्रेंच हात स्पष्ट दिसतो. त्याकडे पुढे येतोच. आणि शेवटी ती मोठी पातेली, जी जेवणाचा भाग नसतात, स्वतःच जेवण असतात: 'मेनुदो', गुरांच्या वजडीचा रस्सा, रविवारी सकाळी, विशेषतः आदल्या रात्री जास्त झालेल्यांसाठी, आणि 'पोसोले'.

पोसोलेपाशी थोडं थांबायला हवं. टपोऱ्या पांढऱ्या मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, चोळून त्यांची सालं काढतात आणि दाण्याचं टोक खुडतात. मग तो दाणा डुकराच्या रस्स्यात तासन् तास शिजतो आणि फुलासारखा उमलतो. वर चिरलेला कोबी किंवा सॅलडची पानं, मुळा, कांदा, लिंबू, तिखट ज्याचं त्याने घ्यायचं. गेरेरो राज्यात गुरुवार हा पोसोलेचा वार. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे सहागून या फ्रान्सिस्कन पाद्र्याने आस्तेक समाजाच्या जाणत्यांना विचारून त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत 12 खंडांची प्रचंड नोंदवही तयार केली. तिच्यात बळीच्या नरमांसासोबत शिजवलेल्या मक्याचाही उल्लेख आहे. स्पॅनिश अमलात त्या जागी डुक्कर आलं. सहागूनचा हेतू स्थानिक धर्म मोडून काढण्याचा होता, हे विसरायचं नाही. पण त्याच्या वहीत 'आतोले', म्हणजे मक्याची पेज, विकणारीसुद्धा आहे. कुठली आतोले गरम, कुठली गार, तिच्यात काय घातलं, हे सगळं तपशिलाने लिहिलेलं आहे. बाजारातल्या पेजवालीला इतिहासात जागा मिळाली ती जिंकणाऱ्याच्या हाताने. आपल्याकडे राबेला ती कुणाच्याच हाताने मिळाली नाही.

मेक्सिकोनेही हे सगळं मिरवलं असं नाही. पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीत, 1876 ते 1911 या काळात, तिथल्या वरच्या वर्गाला पॅरिसचं वेड लागलं. 1910 साली स्वातंत्र्यलढ्याची शताब्दी साजरी झाली, तेव्हाच्या सरकारी मेजवान्यांत फ्रेंच पदार्थ होते. त्याआधी 1899 मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या राजकारण्याने माणसांची गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे अशी विभागणी करून मका खाणारे मागासलेले ठरवले होते. जाडंभरडं धान्य खाणाऱ्याला कमी लेखण्याची ही तऱ्हा आपल्याला अनोळखी नाही. भाकरीवरून पोळीवर येणं म्हणजे प्रगती, असं महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी मानलं! मेक्सिकोने पुढे मत बदललं. क्रांतीनंतर मका राष्ट्राची खूण झाला आणि 2010 मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाकपरंपरेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

आपल्याकडे सूपचा रकाना आला तो इंग्रजी जेवणाबरोबर. साहेबाच्या टेबलावर पहिली बशी सूपची हवी, आणि मद्रासच्या खानसाम्याकडे तसं काही नव्हतं. मिऱ्याचं पाणी होतं. त्याचंच दाट, मांस घातलेलं रूप मुलिगाटॉनी म्हणून क्लबांच्या आणि रेल्वेच्या उपाहारगृहांच्या यादीत जाऊन बसलं. तंजावरच्या मराठी दरबारात दुसऱ्या सरफोजींच्या काळात इंग्रजी पद्धतीच्या स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था होती. तिथल्या पदार्थांची मराठी पोथी 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयात जपली गेली. संस्थानांनी हा क्रम उचलला आणि संस्थानं गेल्यावर तो हॉटेलांकडे गेला. जयपूरचा रामबाग राजवाडा 1957 मध्ये हॉटेल झाला. बनी पार्कातल्या कोठ्यांनी नंतर त्याच वाटेने पाऊल टाकलं, आणि सूप आधी हा नियम सोबत आला.

इथवर फार नुकसान झालं असं वाटणार नाही. जेवणाचा क्रमच तो. पण मक्याची गोष्ट वेगळी आहे.

मका माणसाळला तो मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे 9,000 वर्षांपूर्वी. तिथल्या लोकांना खूप आधी कळलं होतं की मका चुन्याच्या पाण्यात शिजवला, भिजत ठेवला आणि धुतला, की त्याची साल सुटते, पीठ लवचिक होतं आणि माणूस त्यावर जगतो. या रीतीने तयार झालेल्या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात. रीतीचं शास्त्र विसाव्या शतकात उलगडलं: मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या रूपात असतं, चुना ते मोकळं करतो. 1521 मध्ये आस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली. त्या शतकात मका जहाजांतून जगभर गेला. दाणा गेला, चुन्याची रीत मागे राहिली.

त्याची किंमत गरिबांनी मोजली. स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात 1735 मध्ये गास्पार कासाल या वैद्याने एक नवा रोग पाहिला: मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांच्या हातापायांवर आणि गळ्याभोवती लाल-काळे चट्टे, जुलाब, शेवटी वेड. उत्तर इटलीत त्याला पेलाग्रा हे नाव पडलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्याने लाखभर माणसं मारली असा अंदाज आहे. तो संसर्गजन्य आहे, असं डॉक्टर छातीठोक सांगत होते. 1914 पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळात दूध, मांस, अंडी देऊन तो थांबवून दाखवला, तरी अनेकांना पटेना. 1937 मध्ये कॉनराड एल्वेहेम यांनी नायसिनचा धागा पकडला. आणि या सगळ्या काळात मेक्सिकोतली खेडूत बाई चुन्यात मका शिजवत होती.

भारतात मका आला तो पोर्तुगीज सत्तेच्या काळात पश्चिम किनाऱ्याशी वाढलेल्या दर्यावर्दी व्यापारानंतर. कोंकणाच्या भातखाचरांत त्याला फारशी जागा नव्हती, पण अरवलीच्या डोंगरउतारांना तो मानवला. उदयपूर, डुंगरपूर, बांसवाडा, चित्तोड या मेवाड-वागड पट्ट्यात तो मुख्य अन्न झाला. मेवाडी माणूस गव्हापुढे मक्याची बाजू आजही अभिमानाने घेतो. इथे इतिहासाचा एक विनोद आहे. या देशात घरोघर पानाचा डबा होता आणि त्या डब्यात चुना होता. तो पानाला लागला, तंबाखूला लागला, भिंतीला लागला, पण मक्याच्या हंडीत पडला नाही. सांगणारं कुणी सोबत आलंच नव्हतं.

मेवाडच्या बायकांनी दुसरं काहीतरी केलं. मक्याचा भरडा ताकात कालवून मातीच्या हंडीत मंद आचेवर चढवला. ही मक्याची राब. बाजरीची आणि जवाची राब इकडे आधीपासून होतीच. नवा दाणा जुन्या रीतीत बसवला गेला. ताकात दुधाची प्रथिनं, त्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन, आणि त्यातून शरीर स्वतःच नायसिन तयार करतं. गोल्डबर्गर यांनी दूध देऊन जे दाखवलं, ते राबेच्या हंडीत नकळत होत होतं. हे सगळ्यांच्या वाट्याला येत असेल असा दावा करायचा नाही. ज्याच्या दारात म्हैस नाही त्याचं काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून तर ताक विकायचं नाही, शेजारी मागायला आला तर द्यायचं, या खेड्यातल्या संकेताकडे मी नुसता भाबडा चांगुलपणा म्हणून बघत नाही. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा 'छप्पनिया' दुष्काळ आला तेव्हा गुरं आधी गेली. गुरांबरोबर ताक गेलं. हंडीत उरलं ते पाणी आणि पीठ.

जयपूरच्या आसपास राबेचं घड्याळ आणि पंचांग दोन्ही पक्की आहेत. उन्हाळ्यात आदल्या दिवशीची गार राब ताक आणि कांद्याबरोबर शेतावर जाते. हिवाळ्यात तूप, गूळ, सुंठ, ओवा घातलेली गोड गरम राब बाळंतिणीला आणि सर्दीने बेजार झालेल्याला देतात. चैत्र वद्य अष्टमीला, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमीला, बासोडा असतो. त्या दिवशी चूल पेटत नाही आणि शीतलामातेला गार राबेचा नैवेद्य दाखवतात. चाकसूजवळच्या शील की डुंगरीवर त्याची मोठी यात्रा भरते. सहागूनच्या वहीतली गरम आतोले आणि गार आतोले आठवावी अशीच ही वर्गवारी आहे. मेन्यूकार्डवर एक ओळ दिली की ती सगळी पुसली जाते.

मिरचीचीही अशीच तपासणी करता येते. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शाही मुदपाकखान्याचे जिन्नस तोलून-मापून दिले आहेत. त्यांत मिरी आहे, मिरची नाही. आज राजस्थान म्हटलं की लाल मांस, आणि लाल मांस म्हटलं की जोधपूरजवळच्या मथानियाची मिरची. त्याच स्वयंपाकघरात सफेद मांसही आहे, दही-दूध आणि बदाम-काजूचं. कोल्हापूरला चला: तांबडा आणि पांढरा. गेरेरो-हालिस्कोत चला: तांबडा पोसोले, पांढरा पोसोले, वर हिरवाही. तीन ठिकाणचे तीन जोड. तिन्ही तांबड्यांना रंग देणारी मिरची एकाच घराण्यातली. पांढरे मात्र जिथले तिथले, कुठे नारळाचं दूध, कुठे दही, कुठे नुसताच मक्याचा रस्सा. कोल्हापूरकरांनी रागवू नये, पण पांढऱ्या रस्स्याची रीत जुनी असू शकते; तांबड्याचा तांबडेपणा सोळाव्या शतकामागे नेता येत नाही. आणि शाकाहारी घरांनीही फार निर्धास्त राहू नये. टोमॅटोचं सार हा मराठी स्वयंपाकातला सर्वांत मेक्सिकन पदार्थ आहे. त्यातून टोमॅटो आणि मिरची वजा केली तर नारळाचं दूध आणि जिऱ्याची फोडणी एवढंच हाती राहतं.

मराठी पातळ पदार्थांची मोजदाद कुणी नीट केलेली नाही. कढण आजाऱ्याचं, पेज कोंकणातल्या सकाळची, हुलग्याचं माडगं पावसाळी गारठ्यातलं, कटाची आमटी फक्त पुरणाच्या दिवसाची कारण तिचा कटच पुरणाच्या डाळीतून निघतो, आंबील ज्वारीची किंवा नाचणीची, रात्रभर आंबवलेली. ही यादी रुचीची आहे तशी ऋतूची, देहाच्या अवस्थेची आणि ऐपतीचीही आहे. ज्वारीबद्दल तर दख्खनला गंभीर कारण आहे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो. ज्वारीतल्या ल्युसिनशी त्याचा संबंध असावा असा तर्क त्यांनी मांडला. तो तर्क पुढे वादाचा ठरला. पण ज्वारी नुसती खाऊ नये, तिच्यासोबत डाळ किंवा ताक असावं, हे आंबील करणाऱ्या घरांना प्रयोगशाळेआधी ठाऊक होतं. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून तांबडी मिलो ज्वारी आली, तीही अशीच एकटी, आपल्या रीतीवाचून. ती खाल्लेली पिढी अजून तिचं नाव काढून तोंड वाकडं करते.

जयपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आणि गुंतागुंतीचा आहे. सवाई जयसिंगाने 1727 मध्ये शहर वसवलं तेव्हा त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि युक्लिडची भूमिती त्यांनी संस्कृतात आणली. जयसिंगाचे गुरू रत्नाकर पुंडरीक यांच्या घराण्याची हवेली ब्रह्मपुरीत आहे. पुढे 1751 च्या जानेवारीत याच शहरात हजारो मराठ्यांची कत्तल झाली, तेही लिहिलेलं आहे. ग्रंथ, लढाया, खंडणीचे हिशेब यांची कागदपत्रं आपण सांभाळली, खाण्याच्या रीतींची नाही. पुण्यात भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलेबीचा आणि हरभऱ्याचा इतिहास पोथ्या-पोथ्यांतून खणून काढला, तो विद्वत्तेच्या जगात अपवादच राहिला.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि बाजरीला पुन्हा प्रतिष्ठा आली. त्याचं स्वागतच आहे. पण प्रतिष्ठा दाण्याला मिळाली. बाजरीची बिस्किटं आली, नाचणीचे पास्ते आले, आणि ज्या रीतींनी ही धान्यं पचायची, अंगी लागायची त्यांची नोंद मागच्या पानावर तशीच राहिली. मक्याच्या वेळी जगाने जी चूक केली तिची ही सौम्य आवृत्ती आहे.

बनी पार्कातल्या हॉटेलमालकांना एवढंच सुचवावंसं वाटतं की राबेला 'मिलेट सूप' हे नाव देऊन पहिल्या रकान्यात ढकलू नका. तिला तिचं पान द्या: कुठलं धान्य, किती वेळ आंबवलं, गरम की गार, कुठल्या महिन्यात, कुणासाठी. पाहुण्याला यात लाल मांसाइतकाच रस वाटेल. आणि महाराष्ट्रातल्या गृहविज्ञान महाविद्यालयांनी हेच पाच रकाने असलेला कागद विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवावं. माडगं, आंबील, कढण, येसर आमटी यांच्यापासून सुरुवात करावी. ज्यांच्या हातात या रीती आहेत त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीची वाट पाहू शकत नाही.